यूरिक ॲसिड : रक्तात किती, लघवीत किती?

माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांनी इथले पुष्कळ काही आपलेसे केले. सकाळचे पोहे-जिलेबी आपली झाली, दालबाफल्यांना पंगतीत मान मिळाला. परंतु दुपारच्या पानावरचा साध्या वरणभाताचा पहिला घास, वर तुपाची धार आणि लिंबाची फोड, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला. अशाच एका घरातील निवृत्त शिक्षक काही वर्षांपूर्वी पत्नीसह माझ्याकडे आले. वय ६२, वजन ७५ किलो. वर्षभरात दोन वेळा त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजून लालबुंद झाला होता. पांघरुणाचे टोक लागले तरी जीव कळवळावा, अशी वेदना. रक्तात यूरिक ॲसिड निघाले ८.४ मिलिग्रॅम. निदान उघड होते : गाऊट. आयुर्वेदात वातरक्त या नावाने वर्णन केलेल्या विकाराशी ज्याचे पुष्कळ साम्य सांगितले जाते, तोच हा आजार.

कोणीतरी त्यांना डाळी बंद करण्याचा सल्ला दिला होता. तो त्यांनी शिक्षकाला शोभेल अशा काटेकोरपणे पाळला. तूर गेली, मटकी गेली, पालक आणि टोमॅटोही गेले. हे सारे सांगून झाल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, दीड वर्ष झालं, आमच्या घरात वरण शिजलेलं नाही. यांना एकट्यांना वगळून जेवण घशाखाली उतरेना, म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडलं. तरी आकडा काही हलत नाही. आता आणखी काय सोडू, ते सांगा."

या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या अहवालावरून देता येण्याजोगे नव्हते. यूरिक ॲसिड रक्तात किती साठले आहे, एवढेच तो अहवाल सांगत होता. ते शरीरात जास्त तयार होते म्हणून साठले, की मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत म्हणून साठले, हे जाणून घ्यायचे तर लघवीकडे वळणे भाग होते. ही मोजणी कशी करतात, तिच्यात चुका कोठे होतात आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हे येते कोठून?

आपल्या पेशींच्या केंद्रकांत प्यूरीन नावाची द्रव्ये असतात. जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात आणि या उलाढालीत प्यूरिनांचे विघटन होऊन शेवटी यूरिक ॲसिड उरते. रोजच्या निर्मितीपैकी ढोबळमानाने दोनतृतीयांश भाग असा शरीरातच तयार होतो आणि एकतृतीयांश अन्नातून येतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेझ नावाचे एक विकर असते. ते यूरिक ॲसिडचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात करते. मनुष्य आणि त्याचे निकटचे आप्त असलेले मोठे वानर यांच्यातून हे विकर लक्षावधी वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. त्यामुळे यूरिक ॲसिड जसेच्या तसे बाहेर टाकण्याची जबाबदारी मुख्यतः आपल्या मूत्रपिंडांवर येऊन पडली. सुमारे दोनतृतीयांश भाग लघवीवाटे जातो, उरलेला आतड्यांवाटे.

हा पदार्थ प्रथम सापडला तो मूत्राशयातील खड्यांत. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७७६ मध्ये तो वेगळा केला. इंग्लंडमधील विल्यम वुलस्टन यांनी १७९७ मध्ये गाऊटच्या गाठींत याच द्रव्याचे क्षार असल्याचे दाखवले. पुढे १८४८ मध्ये लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले असते, हे सिद्ध केले. त्यांची नंतरची एक तपासणी मोठी गमतीची होती. रक्तातील निवळ काचेच्या पसरट भांड्यात घ्यायची, तीत थोडे ॲसेटिक ॲसिड घालायचे आणि तागाचा एक धागा सोडून ठेवायचा. यूरिक ॲसिड वाढलेले असेल तर दीड-दोन दिवसांत त्या धाग्यावर खडीसाखरेच्या दोऱ्यावर धरावेत तसे स्फटिक धरत. या दोषामागे मूत्रपिंडांची उत्सर्जनशक्ती कमी पडत असावी, असा तर्कही गॅरॉड यांनी मांडला होता. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आज असे म्हणता येते, की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत त्यांचा तर्क बरोबर होता.

शरीराच्या तापमानाला रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हे द्रव्य विरघळून राहू शकते. पातळी दीर्घकाळ त्याहून वर राहिली, की सांध्यांत सुईसारखे बारीक स्फटिक साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, म्हणून अधिक थंड. तेथे हे विशेषेकरून घडते. अर्थात पातळी वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होतोच असे नाही. अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

हौद आणि तोटी

मूत्रपिंडाच्या मोजणीतील मर्म समजण्यासाठी जुन्या वाड्यातील हौद डोळ्यांपुढे आणावा. वरून पन्हळीतून पाण्याची सारखी धार पडते आहे आणि तळाशी असलेल्या तोटीतून पाणी वाहून जाते आहे. जितके पाणी येते तितकेच जाते, म्हणून पातळी स्थिर आहे. आता तोटीत गाळ अडकून ती अर्धवट बुजली असे समजा. प्रथम पाणी कमी जाऊ लागेल आणि हौद भरू लागेल. पण पातळी जसजशी चढेल तसतसा तोटीवरचा दाब वाढेल, आणि एका उंचीला पोहोचल्यावर बुजलेल्या तोटीतूनही पूर्वीइतकेच पाणी बाहेर पडू लागेल. पातळी पुन्हा स्थिर होईल, मात्र पहिल्यापेक्षा बरीच वर.

आता कोणी तोटीखाली बादली धरून पाणी मोजले, तर ते पूर्वीइतकेच भरेल आणि तोटी उत्तम आहे, असा निर्वाळा मिळेल. खरी गोष्ट वेगळी आहे. तितकेच पाणी बाहेर पडण्यासाठी हौदाला काठोकाठ भरावे लागले आहे. तोटीची परीक्षा करायची तर बाहेर पडलेले पाणी आणि हौदातील पातळी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

यूरिक ॲसिडच्या बाबतीत नेमके हेच घडते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यात काही ग्रॅम यूरिक ॲसिड असते. पण गाळलेल्यापैकी सुमारे नऊदशांश भाग मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका पुन्हा शोषून घेतात आणि जेमतेम दहावा भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, लघवीत उतरतो. हे परत घेण्याचे काम करणारा एक प्रमुख वाहक जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखला. त्याला युरॅट-१ असे नाव आहे. पुढे आणखीही वाहक सापडले. काही यूरिक ॲसिड आत ओढून घेतात, काही बाहेर ढकलतात. घराण्यातून आलेले गुणधर्म, संप्रेरके, औषधे, मद्य या सर्वांचा परिणाम या वाहकांवर होतो. स्त्रियांत पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे उत्सर्जन चांगले राहते. म्हणून त्यांना गाऊट सहसा पाळी गेल्यानंतर होतो, तर पुरुषांना चाळिशीच्या आसपासही गाठतो.

चोवीस तासांचा हिशेब

सर्वांत जुनी आणि सरळ तपासणी म्हणजे पूर्ण चोवीस तासांची लघवी गोळा करून तीत यूरिक ॲसिड किती आहे ते पाहणे. नेहमीच्या आहारावर दिवसाला ८०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक, किंवा प्यूरीन कमी असलेल्या आहारावर ६०० पेक्षा अधिक निघाले, तर शरीरात निर्मितीच जास्त आहे, असा संकेत चालत आला आहे.

मी आमच्या शिक्षकांना प्रथम डाळी आणि भाज्या पूर्ववत सुरू करायला सांगितले आणि तीन आठवड्यांनी ही तपासणी करून घेतली. आहार बदललेला असताना मोजले, तर त्या बदललेल्या आहाराचेच प्रतिबिंब पडते. शिवाय गाऊटचा झटका चालू असताना मोजणे उपयोगाचे नसते. झटक्याच्या काळात उत्सर्जन तात्पुरते वाढते आणि रक्तातील पातळी पुष्कळदा चक्क नॉर्मल दिसते. त्या एका आकड्यावर विसंबून गाऊट नसल्याचे सांगितले गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. झटका ओसरून दोन-तीन आठवडे लोटल्यावरची मोजणी खरी.

अहवाल आला तो ३१५ मिलिग्रॅमचा. इतका कमी आकडा पाहून मूत्रपिंडे अगदीच थकली आहेत की काय, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. पण त्याच नमुन्यात मी क्रिएटिनिनही मोजायला सांगितले होते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात निघणारे द्रव्य. प्रौढ पुरुषात दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम आणि स्त्रीत १५ ते २० मिलिग्रॅम ते लघवीत उतरते. वृद्धापकाळी स्नायू झिजतात तसे थोडे कमी. ७५ किलोच्या या गृहस्थांच्या लघवीत किमान दीड ग्रॅम क्रिएटिनिन हवे होते. निघाले ९०० मिलिग्रॅम. याचा अर्थ एवढाच, की डब्यात पूर्ण दिवसाची लघवी आलेलीच नव्हती.

विचारल्यावर गुरुजी जरा ओशाळले. सकाळी बाजार, दुपारी एका मित्राच्या घरी सत्यनारायणाची पूजा, संध्याकाळी फेरफटका. डबा बरोबर नेण्याची लाज वाटली. "म्हटलं, दोन-तीन वेळची गेली तर काय मोठंसं बिघडतं?" त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ही तपासणी लिहून देताना तिची रीत रुग्णाला नीट समजावून सांगण्याचे काम आम्हा डॉक्टरांचे. त्यात मीच कमी पडलो होतो.

दुसऱ्या खेपेला ते सबंध दिवस घरी राहिले. या वेळी लघवी १५०० मिलिलिटर, यूरिक ॲसिड ६३० मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन १८०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २४. हिशेब जुळला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या नमुन्यात यूरिक ॲसिड ३१५ आणि क्रिएटिनिन ९००. दुसऱ्यात ६३० आणि १८००. आकडे दुप्पट झाले, पण त्या दोहोंचे परस्परांशी असलेले प्रमाण दोन्ही वेळा तेच राहिले. सांडलेल्या लघवीबरोबर दोन्ही द्रव्ये सारख्याच हिश्श्याने गेली होती. एका वेळच्या नमुन्यावरून केली जाणारी मोजणी याच तत्त्वावर उभी आहे.

एका नमुन्याचे गणित

चोवीस तास डबा सांभाळणे नोकरदाराला, प्रवाशाला, वृद्धाला जिकिरीचे जाते. म्हणून सकाळच्या मध्यावर एकाच सुमारास रक्ताचा आणि लघवीचा नमुना घेऊन दोन्हींत यूरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत पुढे आली. अमेरिकेतील डॉ. पीटर सिमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तिची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. लघवीतील यूरिक ॲसिडला रक्तातील क्रिएटिनिनने गुणावे आणि लघवीतील क्रिएटिनिनने भागावे. मूत्रपिंडांनी गाळलेल्या प्रत्येक १०० मिलिलिटर द्रवामागे किती यूरिक ॲसिड बाहेर पडले, ते यातून कळते. साधारणपणे हा आकडा ०.६ मिलिग्रॅमच्या आत असतो. त्याहून वर गेला तर निर्मिती जास्त असल्याचा संशय घ्यावा.

दुसरी रीत याच्याही एक पाऊल पुढे जाते. वरील उत्तराला रक्तातील यूरिक ॲसिडने भागून शंभराने गुणले, की गाळलेल्या यूरिक ॲसिडपैकी शेकडा किती भाग बाहेर पडला ते मिळते. डॉक्टर याला फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन म्हणतात. निरोगी पुरुषांत हे साधारण ६ ते १० टक्के असते आणि स्त्रियांत थोडे अधिक. ५.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास उत्सर्जन अपुरे मानतात.

आमच्या गुरुजींचे आकडे पाहू. लघवीच्या १०० मिलिलिटरमध्ये यूरिक ॲसिड ४२ आणि क्रिएटिनिन १२० मिलिग्रॅम. रक्तात यूरिक ॲसिड ८.४ आणि क्रिएटिनिन १. सिमकिन यांच्या रीतीने ४२ ला १ ने गुणून १२० ने भागले, की ०.३५ येतात, म्हणजे निर्मिती जास्त नाही. त्यांना ८.४ ने भागून शंभराने गुणले, की उत्तर येते ४.२ टक्के.

हौदाचा दृष्टान्त येथे लागू पडतो. दिवसाला ६३० मिलिग्रॅम हा नुसता आकडा पाहिला, तर त्यात वावगे काही नाही. पण गुरुजींच्या मूत्रपिंडांतून रोज सुमारे १५ ग्रॅम यूरिक ॲसिड गाळले जात होते, आणि त्यातले एवढेच बाहेर पडत होते. तोटी बुजलेली होती. बादली मात्र पूर्वीइतकी भरत होती. गाऊटच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊजणांचे दुखणे याच प्रकारचे असल्याचे पारंपरिक मोजणीत आढळते.

तोटी कशाने बुजली?

गुरुजींच्या औषधांची पिशवी मी टेबलावर रिकामी करायला सांगितली. रक्तदाबासाठी ते सहा वर्षांपासून थायाझाइड जातीची, लघवी वाढवणारी गोळी घेत होते. ही गोळी रक्तदाबावर गुणकारी आणि स्वस्त आहे. परंतु तिच्यामुळे मूत्रपिंडे यूरिक ॲसिड अधिक शोषून घेतात. हृदयविकारासाठी दिली जाणारी अल्प मात्रेतील ॲस्पिरीनही असेच करते. क्षयरोगावरील पायराझिनामाइड तर उत्सर्जन इतके रोखते, की उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत अनेक रुग्णांचे यूरिक ॲसिड चढते आणि कधी सांधेही दुखतात. मात्र वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यांपैकी कोणतेही औषध केवळ आकड्याला भिऊन आपल्या मनाने बंद करणे घातक ठरू शकते. क्षयाचे औषध मध्येच सोडण्याचे परिणाम यूरिक ॲसिडपेक्षा कितीतरी भयंकर आहेत. गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

कडकडीत निर्जळी उपवास लागोपाठ घडले, तर शरीरात तयार होणारी कीटोन द्रव्ये उत्सर्जन अडवतात. मद्यामुळे रक्तात वाढणारे लॅक्टिक ॲसिड तेच करते; बीअरमध्ये प्यूरीनही असल्याने ती दोन्ही बाजूंनी नडते. म्हणून ही मोजणी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी किंवा मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी करू नये.

आणि डाळींचे काय? अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचे बारा वर्षे निरीक्षण करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्यूरीनयुक्त भाज्या आणि कडधान्ये यांचा तसा संबंध दिसला नाही, आणि दूधदुभते घेणाऱ्यांत प्रमाण उलट कमी होते. अगदी कडक पथ्य पाळले तरी रक्तातील पातळी साधारण एक मिलिग्रॅमने उतरते. गुरुजींचे मांसाहार वा मद्य यांच्याशी मुळीच सख्य नव्हते. म्हणजे दीड वर्षाच्या त्या त्यागाने फारसे काही साधण्याजोगे नव्हतेच.

नमुना बिघडतो कसा?

प्रयोगशाळेतील यंत्र कितीही अचूक असले तरी त्याच्यासमोर आलेला नमुनाच सदोष असेल तर त्याचा इलाज नसतो. म्हणून घरच्या माणसांसाठी काही सूचना.

सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सात वाजता, पहिली लघवी करून ती टाकून द्यावी. त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी डब्यात जमा करावी आणि दुसऱ्या दिवशी सात वाजताची धरूनच थांबावे. शौचाला जाण्यापूर्वी लघवी वेगळी घ्यावी. एखादी वेळ चुकली तर तसे स्पष्ट सांगावे, लपवू नये.

हा डबा फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडाव्याने आणि आम्लतेने यूरिक ॲसिडचे कण तळाशी बसतात आणि आकडा खोटाच कमी येतो. वर सांगितलेले प्रमाणही अशा वेळी बिघडते, कारण क्रिएटिनिन विरघळलेलेच राहते. म्हणून प्रयोगशाळा या डब्यात बहुधा अल्कली घालून देते. ती हाताला वा डोळ्याला लागू देऊ नये, डबा मुलांपासून दूर ठेवावा. कॅल्शियमच्या तपासणीचा डबा वेगळा असतो, त्यात ॲसिड घातलेले असते. दोन्ही तपासण्या एकाच डब्यात उरकण्याचा आग्रह धरू नये. जीवनसत्त्व क च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास तेही सांगावे, कारण मोजणीच्या रासायनिक क्रियेत त्यांचा अडथळा येऊ शकतो.

मर्यादा आणि खरी गरज

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे, की ही तपासणी प्रत्येक रुग्णाला लागत नाही. १९६० नंतरच्या दशकात ॲलोप्युरिनॉल हे औषध आले. ते यूरिक ॲसिडची निर्मितीच रोखते आणि तोटी बुजलेली असली तरी वरची धार कमी करून पातळी खाली आणते. ते घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधामुळे कारण कोणतेही असले तरी उपचार बहुधा एकच राहिला. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तर उत्सर्जन वाढवणारी औषधे देण्यापूर्वीही लघवीतील यूरिक ॲसिड सरसकट मोजू नये, असे सुचवले आहे.

गणितालाही मर्यादा आहेत. मूत्रपिंडे बरीच निकामी झालेल्या रुग्णात शिल्लक राहिलेले घटक अधिक जोराने काम करतात, त्यामुळे टक्केवारी फसवी दिसते. शिवाय २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की काही व्यक्तींत आतड्याची वाट जन्मतः अरुंद असते. तेथले यूरिक ॲसिड मूत्रपिंडांकडे वळते आणि निर्मिती न वाढताही लघवीतील आकडा फुगतो. म्हणजे हौदाला लहानशी दुसरी तोटीही आहे, आणि तिचा विसर पडू देता कामा नये.

तरीही काही प्रसंगी ही मोजणी अनमोल ठरते. पंचविशी-तिशीच्या आतच गाऊट झालेला तरुण. वारंवार खडे होणारा रुग्ण. स्वतःचेच ओठ आणि बोटे चावणारा लहान मुलगा, ज्यात १९६४ मध्ये वर्णन केलेल्या लेश-नायहान या आनुवंशिक विकाराचा संशय येतो. कर्करोगाच्या उपचारानंतर एकाएकी लघवी बंद झालेला रुग्ण. या शेवटच्या प्रसंगी लघवीतील यूरिक ॲसिड क्रिएटिनिनपेक्षाही जास्त निघाले, तर मूत्रपिंडे यूरिक ॲसिडच्या स्फटिकांनी तुंबली असल्याचा तो सबळ पुरावा असतो. रक्तातील सोडियम उतरून वृद्ध माणूस गुंगीत गेला असताना फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन १२ टक्क्यांच्या वर गेलेले दिसले, तर कारण शोधायला मदत होते. काहींचे यूरिक ॲसिड उलट फारच कमी, दोनच्याही खाली असते, कारण त्यांची मूत्रपिंडे ते परत शोषतच नाहीत. अशा व्यक्तींना अतिश्रमाच्या व्यायामानंतर मूत्रपिंडाचा तीव्र आघात होऊ शकतो, हे आधी माहीत असलेले बरे.

खड्यांच्या बाबतीत लघवीची आम्लताही पाहिली पाहिजे. लघवी फार आम्ल असेल तर थोडेसे यूरिक ॲसिडही विरघळत नाही. आम्लता उतरली, की त्याच लघवीत दसपटीहून अधिक विरघळू शकते. म्हणून अशा खड्यांवर भरपूर पाणी आणि लघवीची आम्लता कमी करणारे औषध हा मुख्य उपाय ठरतो.

पुन्हा त्या घराकडे

गुरुजींच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून थायाझाइडऐवजी लोसार्टन ही गोळी सुरू केली. ती रक्तदाब आवरतेच, शिवाय यूरिक ॲसिडचे उत्सर्जनही थोडे वाढवते. तीन महिन्यांनी रक्तातील आकडा ७.१ वर आला. वर्षात दोन झटके येऊन गेले असल्याने तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हते. ॲलोप्युरिनॉल अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवले. पहिले काही महिने झटका टाळणारे औषधही सोबत दिले, कारण पातळी उतरू लागली, की साचलेले स्फटिक हलतात आणि एखादा झटका येऊ शकतो. अंगावर पुरळ उठल्यास गोळी तत्काळ थांबवून कळवावे, हेही बजावले. वर्षअखेर पातळी ५.६ होती. त्यानंतर अंगठा सुजलेला नाही.

औषध बदलले त्याच दिवशी मी बाईंना सांगितले होते, की वरण आता बंद करू नका. त्यांनी मान डोलावली. पण दीड वर्षाची धास्ती अशी एका वाक्याने जात नाही. पुढच्या खेपेला त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं ना? मी काही खायला घातलं म्हणून यांना झालं, असं नाही ना?"

त्यांच्या मनात इतके दिवस हे सलत होते, याची मला कल्पनाच नव्हती. मी त्यांच्यापुढे कागद ओढला, हौदाचे चित्र काढले आणि तोटीजवळ ४.२ हा आकडा लिहिला. वरची धार ठीक होती, तोटी अडली होती, हे त्यांना दाखवले. त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि गुरुजी म्हणाले, "चला, उशीर झाला. घरी कुकर लावायचा आहे."